नामाआधीची एक जागा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय ऐकून कुणी रेडिओ बंद करू नये, एवढी पहिली विनंती. विषय इंग्रजी व्याकरणातला आहे. त्यातही अगदी बारक्या शब्दांचा. अ, द, धिस, दॅट, माय, युअर, सम, एव्हरी हे नामाच्या आधी येणारे शब्द आणि आय, वुई, यू, दे ही सर्वनामं एकमेकांशी कशी वागतात, कुठं जुळतात, कुठं एकमेकांना बसू देत नाहीत, याविषयी मला बोलायचं आहे. मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. बी.ए. झालो, मराठीत कविता लिहितो आणि पोटासाठी तालुक्याच्या कोर्टात नक्कल विभागात काम करतो. सत्तावीस वर्षं इंग्रजी वाक्यं डोळ्यांखालून जात आहेत. मोठ्या शब्दांनी मला कधी अडवलं नाही. त्यांच्यासाठी डिक्शनरी असते. अडवतात ते दोन-तीन अक्षरांचे शब्द, आणि खटलाही कधी कधी त्यांच्यावरच अडतो.

आधी एक साधी गोष्ट बघू. मराठीत आपण म्हणतो, ‘माझं हे पुस्तक’. ‘हे माझं पुस्तक’ म्हटलं तरी चालतं. ‘माझा तो जुना मित्र’, ‘तो माझा जुना मित्र’, कसंही फिरवा. म्हणून मराठी माध्यमातला मुलगा बिनधास्त म्हणतो, ‘माय दॅट फ्रेंड’. इंग्रजी कानाला हे सहन होत नाही. चूक कुठं आहे? ‘माय’ बरोबर आहे, ‘दॅट’ बरोबर आहे, ‘फ्रेंड’ही बरोबर आहे. चूक एवढीच, की दोघंजण एका जागेवर बसले.

टांग्यात मागं कितीही माणसं कोंबा, लगाम धरणाऱ्याची जागा एकच असते. इंग्रजी नामाच्या आधी अशीच एक जागा असते. तिच्यावर ‘अ’ बसेल किंवा ‘द’ बसेल, ‘धिस’ बसेल किंवा ‘माय’ बसेल. एक बसला की दुसऱ्यानं खाली उतरायचं. त्यामागं विशेषणं हवी तेवढी घ्या, जुनं, लाल, फाटकं, काय वाटेल ते. पण लगाम एकाच्याच हातात. ‘द माय बुक’ नाही, ‘अ धिस बुक’ नाही, ‘धिस माय बुक’ही नाही. या जागेवर बसणाऱ्या शब्दांना इंग्रजीत डिटर्मिनर म्हणतात. नाम कोणतं, कुणाचं, किती, हे ठरवून देणारे शब्द.

आमच्या पिढीला हे नाव माहीत नव्हतं. आम्ही रेन आणि मार्टिन वाचून मोठे झालो. त्यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच लष्करातल्या भाडोत्री सैनिकांची कादंबरी लिहून, 1924 साली, जगभर गाजले, हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नाही. कळलं असतं तर पुस्तकाकडे जरा प्रेमानं बघितलं असतं. तर त्या व्याकरणात ‘धिस’ हे दर्शक विशेषण, ‘माय’ हे स्वामित्वदर्शक विशेषण. विशेषण म्हटलं की मुलाला वाटतं, विशेषणं तर एकामागोमाग एक ठेवता येतात. मराठीत ती खरंच ठेवता येतात, कारण आपल्याकडे ‘हा’, ‘तो’, ‘माझा’ हे शब्द खरोखरच विशेषणासारखे वागतात. नामाप्रमाणे लिंग बदलतात, वचन बदलतात, शेजारी शेजारी बसतात. इंग्रजीतले नामाप्रमाणे लिंग बदलत नाहीत आणि सरकतही नाहीत. नाव ‘विशेषण’ दिल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या मुलं चुकत राहिली असं माझं मत आहे.

इंग्रजीचा हा स्वभाव पहिल्यापासून असाच होता, असंही नाही. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात ‘धिस’ आणि ‘माय’ शेजारी शेजारी बसलेले दिसतात. पुढं भाषेनं ते बंद केलं. आणि जागा एकच ठेवल्यावर अडचण उभी राहिली. ‘माझा एक मित्र’ हे कसं म्हणायचं? ‘अ’ला बसवलं तर ‘माय’ उभा, ‘माय’ला बसवलं तर ‘अ’ उभा. मग भाषेनं मागचं दार उघडलं. ‘अ फ्रेंड ऑफ माइन’. ‘अ’ पुढच्या जागेवर राहिला आणि ‘माय’ मागच्या दारानं ‘माइन’ होऊन आला. रूप बदलून आला, हे लक्षात घ्या. ‘अ फ्रेंड ऑफ माय’ होत नाही. ‘माय’ला पुढं नाम लागतं, तो एकटा उभा राहू शकत नाही. ‘माइन’ला कुणाची गरज नाही, कारण ते पूर्ण सर्वनाम आहे.

कुणी म्हणेल, यात विशेष काय, ‘माझ्या मित्रांपैकी एक’ एवढाच अर्थ. तसा अर्थ ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’चा आहे. तिथं ‘ऑफ’ म्हणजे आपला ‘पैकी’. आणि ‘पैकी’ म्हटलं की अनेक हवेत, म्हणून तिथं ‘फ्रेंड्स’ हे अनेकवचनच लागतं. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ ही चूक आपल्याकडे इंजिनिअरसुद्धा करतात. मनात ‘मित्रांपैकी’ म्हणून बघितलं तर होणार नाही. पण मागच्या दाराची रचना निराळी. इंग्रजीत चिडून म्हणतात, ‘दॅट नोज ऑफ युअर्स’, म्हणजे ‘ते तुझं नाक’. आता नाकं काही चार-पाच नसतात, की त्यांपैकी एक. तिथं हिशेब नाही, नुसता सूर आहे. ‘युअर ब्रदर’ म्हटलं की साधा भाऊ. ‘दॅट ब्रदर ऑफ युअर्स’ म्हटलं, की त्या भावानं काहीतरी प्रताप केलेला असणार. आपल्याकडे आई म्हणते ना, ‘तो तुझा मित्र आला होता’, तेव्हा त्या ‘तो’मध्ये मित्राची सगळी कुंडली असते. तेच हे.

इथं जरा आडवाटेला जातो. ‘अ’ आणि ‘माय’ या दोघांची जन्मकथा एकच आहे. ‘ॲन’ हा मूळ शब्द, त्याचा अर्थ ‘एक’. व्यंजनाच्या आधी त्यातला ‘न’ गळून ‘अ’ उरला. ‘माइन’ हाही मूळ शब्द, आणि त्यातलाही ‘न’ व्यंजनाच्या आधी गळून ‘माय’ उरला. म्हणून जुन्या इंग्रजीत डोळ्यांना ‘माइन आईज’ म्हणायचे, जसं आज आपण ‘ॲन आय’ म्हणतो. हा ‘न’ इतका चंचल, की तो कधी आपल्या घरातून निघून शेजाऱ्याकडे जाऊन बसला. पूर्वी टोपणनावाला ‘ॲन एकनेम’ म्हणत. ‘एक’ म्हणजे इथं जास्तीचं. बोलता बोलता त्याचं ‘अ नेकनेम’ झालं आणि पुढं ‘निकनेम’. उलट ‘ॲप्रन’चं. तो मूळचा ‘अ नेप्रन’. त्याचा ‘न’ पुढच्यानं पळवला आणि झाला ‘ॲन एप्रन’. ‘नेड’ हे लाडाचं नावही ‘माइन एड’मधून, म्हणजे ‘माझा एड’मधून आलं असं मानतात. आईनं मुलाला ‘माझा’ म्हटलं आणि ‘माझा’तलं अक्षर मुलाच्या नावाला कायमचं चिकटलं. मला तरी व्याकरणाच्या पुस्तकात याहून सुंदर काही सापडलेलं नाही. आपल्या नारिंगाचं ‘ऑरेंज’ झालं तेही असंच, असं पुष्कळजण सांगतात. ते तेवढं खरं नाही. त्याचा ‘न’ इंग्लंडला पोचण्याआधीच, युरोपात दुसऱ्या भाषांमध्ये गळला होता.

असो. जागा एकच, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा, की ती जागा रिकामी ठेवता येत नाही. निदान मोजता येण्यासारखी एकच वस्तू असेल तर नाही. ‘मी पुस्तक घेतलं’ हे आपलं पूर्ण वाक्य. इंग्रजी विचारतं, कोणतं? ‘अ बुक’ की ‘द बुक’ की ‘युअर बुक’? सांगितल्याशिवाय सुटका नाही. आपण ‘हात धुतले’ म्हणतो. दुसऱ्याचे कशाला धुऊ? पण इंग्रजी माणूस ‘माय हँड्स’ म्हणेल. टोपी घातली ती ‘हिज कॅप’, खिशात हात घातला तो ‘हिज पॉकेट’. या भाषेला मालकाचं नाव लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. ‘ॲट होम’, ‘बाय बस’, ‘टू स्कूल’ असे थोडे अपवाद सोडा.

आणि इतकं मालकाचं नाव लिहूनही कधी कधी मालक कळत नाही. ‘सलीम टूक हिज सायकल’. सलीमनं कुणाची सायकल नेली? स्वतःची की रमेशची? इंग्रजीत दोन्ही ‘हिज’. मराठीत प्रश्नच नाही. ‘सलीमनं आपली सायकल नेली’ म्हटलं तर स्वतःची, ‘त्याची सायकल नेली’ म्हटलं तर बहुधा दुसऱ्याची. मग पोलिसाला कामाला लागावं लागतं. इंग्रजीला तिथं ‘हिज ओन’ असं जोडावं लागतं. कोर्टातल्या इंग्रजीत ‘द सेड’ आणि ‘सच’ यांची जी गर्दी असते, तिला लोक हसतात. मीही हसतो. पण ‘हिज’ म्हणजे नक्की कुणाचं, या एका शंकेपायी ती गर्दी झाली आहे, हेही खरं.

आता सर्वनामांकडे येतो. सर्वनामाला पुढं डिटर्मिनर लागत नाही. ‘द ही’ नाही, ‘माय शी’ नाही. ते स्वतःच नामाच्या जागी आलेलं असतं, त्याला आणखी ओळखपत्र कशाला? गंमत म्हणून म्हणतात, ‘इज इट अ ही ऑर अ शी?’ म्हणजे नर की मादी. ‘द रिअल मी’ म्हणतात, म्हणजे ‘खरा मी’. तिथं सर्वनामाचं नाम झालं. ते सोडलं तर दोघांमध्ये अंतर असतं, आणि जवळ यायचं असेल तर मध्ये ‘ऑफ’ लागतो. ‘ऑल ऑफ अस’, ‘सम ऑफ देम’, ‘ईच ऑफ यू’. ‘ऑल ऑफ वुई’ होत नाही, कारण ‘ऑफ’नंतर ‘वुई’चा ‘अस’ होतो. आणि ‘एव्हरी ऑफ अस’ही होत नाही. ‘ईच’ एकटा उभा राहतो, ‘एव्हरी’ला ते जमत नाही, त्याला ‘वन’ची काठी द्यावी लागते. ‘एव्हरी वन ऑफ अस’.

‘एव्हरी’चं आणखी एक जुनं भांडण आहे. प्रत्येकानं आपली चप्पल बाहेर काढावी. ‘प्रत्येकानं’ एकवचन. मग चप्पल ‘हिज’ की ‘हर’? शाळेत ‘हिज’ शिकवलं. कायद्यातही तसंच. ब्रिटिश पार्लमेंटनं 1850 साली ठरवून टाकलं, की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही आल्या. आपल्याकडच्या 1897 सालच्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या तेराव्या कलमातही तेच आहे. बोलणाऱ्या माणसांनी मात्र पार्लमेंटचं ऐकलं नाही. ते चौदाव्या शतकापासून ‘एव्हरीवन’पाठोपाठ ‘देअर’ म्हणत आले. ‘एव्हरीवन लेफ्ट देअर चप्पल्स आउटसाइड’. व्याकरणाचे मास्तर दोनशे वर्षं छड्या घेऊन ‘देअर’च्या मागं होते, आणि शेवटी अमेरिकेतल्या भाषा-अभ्यासकांच्या संस्थेनं त्याच एकवचनी ‘दे’ला 2015 या वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. लोकांच्या तोंडून शब्द काढून घेणं अवघड असतं.

पण आज मला मुख्यतः सांगायचं आहे ते वेगळंच. सर्वनाम आणि नाम कधी शेजारी बसत नाहीत, असं आत्ता म्हटलं. त्याला एक अपवाद आहे. ‘वुई टीचर्स’. ‘यू बॉइज’. आम्ही शिक्षक, तुम्ही पोरं. इथं ‘वुई’ आणि ‘यू’ सरळ त्या पहिल्या जागेवर चढून बसतात. तिथं आता ‘द’ येणार नाही, ‘माय’ येणार नाही. लगाम सर्वनामाच्या हातात. हा मान फक्त दोघांना आहे. ‘आय टीचर’ होत नाही, तिथं स्वल्पविराम देऊन ‘आय, अ टीचर’ म्हणावं लागतं. ‘दे टीचर्स’ शिष्ट इंग्रजीत होत नाही, ‘दोज टीचर्स’ म्हणतात. म्हणजे ‘मी’ला हा अधिकार नाही, ‘ते’ला नाही. जो समोरासमोर बोलतो आहे आणि घोळक्यानं बोलतो आहे, त्यालाच आहे.

आणि ‘यू’ला त्याची गरजही पडली. इंग्रजीत पूर्वी ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे होते, ‘दाऊ’ आणि ‘यू’. ‘दाऊ’ गेला, सगळेच ‘यू’ झाले. मानाचा प्रश्न सुटला, मोजणीचा उभा राहिला. समोर एक आहे की दहा, हे ‘यू’वरून कळेना. मग लोकांनी मागं काहीतरी जोडायला सुरुवात केली. ‘यू ऑल’, ‘यू टू’, ‘यू गाइज’, ‘यू लॉट’. त्यातलाच एक ‘यू पीपल’. व्याकरण म्हणून बघितलं तर बिचारा निरुपद्रवी. ‘पीपल’नं फक्त सांगायचं, की समोर एकापेक्षा जास्त आहेत.

काही वर्षांपूर्वी मुलाच्या शिक्षणासाठी एका शहरात खोली बघत होतो. घरमालक सुशिक्षित, वयानं माझ्यापेक्षा मोठे. मी कविता लिहितो म्हटल्यावर चहा आला. माझं मराठी त्यांना आवडलं. तासभर बोललो. मग नाव विचारलं. मी सांगितलं. थोडा वेळ ते गप्प राहिले आणि मग इंग्रजीत बोलू लागले. नकार द्यायला माणसं दुसऱ्या भाषेत का जातात, हा एक स्वतंत्र भाषणाचा विषय होईल. ते म्हणाले, ‘आय हॅव नथिंग अगेन्स्ट यू. बट वुई डोन्ट गिव्ह टू यू पीपल.’

मी चहाचा कप खाली ठेवला आणि निघालो. रस्त्यात मला राग येण्याऐवजी ती दोन वाक्यंच दिसत होती, कोर्टातल्या कागदासारखी. पहिल्या वाक्यात ‘आय’ आणि ‘यू’. एक मी, एक तुम्ही. दोन माणसं, मध्ये काही नाही. दुसऱ्या वाक्यात पोचेपर्यंत ‘आय’चा ‘वुई’ झाला आणि ‘यू’चा ‘यू पीपल’. खोलीत आम्ही दोघंच होतो, तिसरं कुणी आलं नव्हतं. पण व्याकरणानं त्यांच्यामागं एक जमाव उभा केला आणि माझ्यामागं एक. त्यांचं काही माझ्याशी वैर नव्हतं, हे मी आजही मानतो. त्यांच्या ‘वुई’चं होतं.

मराठीत हीच गोष्ट ‘तुम्ही लोक’ म्हणून होते, आणि मला ती जास्त बोचते. का, ते सांगतो. मराठीत ‘तुम्ही’ अनेकांना म्हणतात, तसं एकट्याला मानानंही म्हणतात. समोरचा मला ‘तुम्ही’ म्हणतो, तोपर्यंत तो मान आहे. त्यानं त्याला ‘लोक’ जोडला की तोच ‘तुम्ही’ अनेकवचन होतो आणि मान गळून पडतो, त्या ‘माइन’मधल्या ‘न’सारखा. एकटा उभा असलेला माणूस गर्दी होतो. गर्दीला नाव विचारायचं नसतं, चहाही द्यायचा नसतो. आणि हे एकाच बाजूनं होतं असं म्हणायचं कारण नाही. आमच्या मोहल्ल्यातही ‘ये लोगां’ आहेच. जिथं ‘आम्ही’ घट्ट होतो, तिथं समोर ‘तुम्ही लोक’ तयार होतातच.

या गोष्टीचा दुसरा भाऊ म्हणजे ‘सम ऑफ माय बेस्ट फ्रेंड्स’. माझे काही जिवलग मित्र तुमच्यातलेच आहेत. वाक्य प्रेमाचं आहे. पण त्यातला एकेक शब्द वेगळा करून बघा. ‘माय फ्रेंड्स’ म्हटलं असतं तर काम झालं असतं. ‘सम ऑफ’ आला म्हणजे मोजून बाजूला काढले. बाकीचे कुठले, ते कुणी सांगत नाही, सांगायची गरज वाटत नाही. मित्रांची अशी विभागणी माझ्याशी बोलतानाच का सुचते, असं मी एकदा एका मित्राला विचारलं. तो हसला. मग म्हणाला, ‘आता तुझ्याशी बोलायचं तर व्याकरण बघून बोलावं लागेल.’ तो अजून माझा मित्र आहे. ‘सम ऑफ’ मात्र त्यानं सोडलं.

‘वुई’चा आणखी एक घोटाळा आहे. मराठीत ‘आम्ही’ वेगळं, ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही जेवायला जातो’ म्हटलं की पाहुणा बसून राहतो. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की तो उठतो. आमच्या घरात दखनी बोलतात, तिच्यातही ‘हमें’ आणि ‘अपन’ असा फरक आहे. मराठीच्या शेजारानं तो आमच्या बोलीत टिकला असणार. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘वुई’. पाहुण्यानं उठायचं की बसायचं, ते वुईवरून कळत नाही. डॉक्टर पेशंटला विचारतात, ‘हाऊ आर वुई टुडे?’ आजारी एकटा, ‘वुई’ दोघं. तिथं ते गोड वाटतं. पण सभेत कुणी ‘वुई’ म्हणाला, की ऐकणाऱ्यानं मनात विचारावं लागतं, यात मी आहे का?

म्हणून एक फार प्रसिद्ध ‘वुई’ मला नेहमी पाहावासा वाटतो. आपल्या राज्यघटनेची सुरुवात. ‘वुई, द पीपल’. आधी ‘वुई’, मग स्वल्पविराम, मग ‘द पीपल ऑफ इंडिया’. अमेरिकेच्या 1787 सालच्या घटनेतही ‘वुई’ आणि ‘द पीपल’ आहेत, पण तिथं स्वल्पविराम नाही. 1945 सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ‘द पीपल्स’ असं अनेकवचन आहे, कारण तिथं पुष्कळ देशांचे लोक बोलत आहेत. आता ‘वुई टीचर्स’ची रचना आठवा. घटना लिहिणाऱ्यांना ‘वुई पीपल ऑफ इंडिया’ लिहिता आलं असतं, व्याकरणात बसलं असतं. पण मग ते एका गटाचं बोलणं झालं असतं, समोर दुसरा गट आहे असं. त्यांनी ‘वुई’ला नामाच्या जागेवर चढू दिलं नाही. ती जागा ‘द’ला दिली. आणि या ‘द’चा अर्थ इथं ‘सगळेच’ असा आहे. ‘द’ लावलेल्या अनेकवचनातून कुणी वगळलेला नसतो. ‘द बुक्स ऑन द टेबल’ म्हणजे टेबलावरची सगळी पुस्तकं, त्यातली चार नव्हेत. 26 नोव्हेंबर 1949 रोजी स्वीकारलेल्या त्या मजकुरात तीन अक्षरांचा हा शब्द काय काम करतो आहे, हे मला नक्कल विभागात बसून कळलं, कॉलेजात नाही.

मराठी प्रतीत ‘आम्ही, भारताचे लोक’ असं आहे. ‘आपण’ का नाही, असं मला एका शाळेतल्या मुलीनं विचारलं होतं. प्रश्न चांगला होता. ‘आपण’ म्हणायला समोर कुणीतरी ऐकणारा लागतो, ज्याला आपल्यात घ्यायचं आहे. इथं सगळेच बोलणाऱ्यांत आहेत. समोर ऐकायला कुणी उरलेलंच नाही. म्हणून तर शेवटी ती घटना ‘स्वतःप्रत’ अर्पण केली आहे, दुसऱ्या कुणाला नाही. आणि आणखी एक पाहा. ‘तुम्ही लोक’मधला तो ‘लोक’ इथंही आहे. तोच शब्द. फक्त त्याच्याआधी ‘तुम्ही’ नाही.

तिच्या वर्गात पुढं काय चर्चा झाली ते मला माहीत नाही. माझ्यापुढं मात्र सध्या याच प्रश्नाचं दुसरं टोक आहे. माझ्या एका कवितेचं इंग्रजी भाषांतर चाललं आहे. कवितेत मोहरमच्या पंजांबरोबर चालणारी गावची माणसं आहेत. तिच्यात सगळ्या जातीधर्मांचे लोक आहेत, जसे आमच्याकडे असतात. शेवटी ‘आपण’ आहे, एकदाच. भाषांतर करणाऱ्या बाईंनी फोन केला. त्यांचं म्हणणं, नुसतं ‘वुई’ लिहिलं तर इंग्रजी वाचकाला वाटेल, कवी फक्त आपल्या समाजाबद्दल बोलतो आहे, कारण वर कवीचं नाव छापलेलं असणार. ‘ऑल ऑफ अस’ लिहिलं तर सभेतलं भाषण वाटतं. ‘यू अँड आय’ लिहिलं तर दोघंच उरतात, गाव नाहीसं होतं. मी म्हटलं, ‘एव्हरी वन ऑफ अस’ लिहून बघा. त्या म्हणाल्या, लांब होतं, ओळ मोडते.

गेल्या आठवड्यात त्यांचा कागद आला. ‘वुई’च ठेवलं आहे. पण वरच्या एका ओळीत, जिथं मी नुसतं ‘तू’ लिहिलं होतं, तिथं त्यांनी ‘यू, रीडर’ केलं आहे. म्हणजे शेवटच्या ‘वुई’त वाचकाला शिरायला वाट राहील. मी अजून होकार कळवलेला नाही. ‘यू’नंतरचा तो स्वल्पविराम ठेवावा की काढावा, यावर आमचं बोलणं चालू आहे.